उमा या शब्दाचं माहेर

आमचे मामंजी रस्त्यात कुणालाही थांबवून विचारायचे, "तुमच्याकडं आईला काय म्हणतात?" समोर वडार असो, लमाण असो, पठाण असो, छावणीतला मद्रासी दुकानदार असो की नवा बदलून आलेला तहसीलदार असो, पहिला प्रश्न हाच. खुशाली मागून. गावाला त्यांची सवय झाली होती. बाजारच्या दिवशी पाटे-वरवंटे विकायला बसलेल्या वडारणी त्यांना लांबून पाहूनच ओरडायच्या, "अम्मा, मुन्शीजी, अम्मा! मागल्या बाजारीबी अम्माच हुतं!" आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. मामंजी उभे राहून गंभीरपणे मान डोलवायचे. "बदललं नाही ना? मग ठीक," म्हणायचे आणि पुढे जायचे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमचं गाव जोगाईचं आंबं. निजामाच्या कचेरीत त्याचं नाव मोमिनाबाद होतं, पण ते कागदावर. माणसं आंबंच म्हणत. मामंजी तिथल्या सरकारी मदरशात फारसी शिकवत आणि कचेरीत कुणाला अडलेला मजकूर वाचून देत, म्हणून सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. उंच, किडकिडीत, नाकेले. घराबाहेर पडताना शेरवानी आणि डोक्याला रुमाल. घरी आले की शेरवानी पडवीतल्या खुंटीला, अंगावर दोन तांबे पाणी, आणि मग सोवळं. मदरशातली फारसी पडवीच्या आत येत नाही, असं त्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, म्हणायच्या. ते तितकंसं खरं नव्हतं. संध्या करतानासुद्धा मध्येच थांबून ते एखादा शब्द पुटपुटायचे आणि पळीतलं पाणी तसंच सांडून जायचं.

संध्याकाळी ते खजिन्याच्या दारावर जाऊन बसत. तिथे पहाऱ्याला सालेम चाऊस नावाचा अरब होता. लहानपणी जहाजात बसून आलेला, कमरेला जंबिया हा वाकडा सुरा लावणारा, दात पडलेला म्हातारा. त्याच्याकडून मामंजींना अरबी मिळाली, ती पुस्तकातली नव्हे, घरातली. तोच म्हणाला की त्याच्याकडे आईला 'उम्म' म्हणतात. तो दिवस मामंजी मरेपर्यंत विसरले नाहीत. घरी आले ते पाय न धुताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले होते, म्हणे. "उम्म! ऐकलंत का? उम्म!" कुणाला काही कळलं नाही. आत्याबाईंनी विचारलं, "कावून, दादा? पोटात दुखायलंय का?"

त्यांचं म्हणणं असं होतं. अरब उम्म म्हणतो. मद्रासी अम्मा म्हणतो. आपल्या गावात अंबा बसलीय आणि तिच्या जोगाई या नावात पुन्हा आई आहे. अरबाची भाषा, मद्राशाची भाषा आणि आपली भाषा, यांचा एकमेकींशी रक्ताचा संबंध नाही. कुळं वेगळी, गोत्रं वेगळी. तरी शब्द एक. मग पार्वतीचं 'उमा' हे नाव कुठलं? पुराणात सांगतात, मुलगी तप करायला निघाली तेव्हा आई तिला म्हणाली, 'उ, मा,' म्हणजे अगं, नको. आणि तेच नाव पडलं. मामंजी यावर हात झटकायचे. "शब्द आधी, गोष्ट मागून. शब्दाचा अर्थ हरवला की लोक त्याला गोष्ट चिकटवतात. उमा म्हणजे आई. बस. ती संस्कृताच्या पोटची नव्हे, संस्कृतापेक्षा म्हातारी आहे."

हे त्यांनी एकदा जोगाईच्या, योगेश्वरीच्या देवळात, सभामंडपात, सगळ्या शास्त्रीमंडळींसमोर सांगितलं. देवीचं नाव आणि खजिन्यावरच्या अरबाची आई एका ओळीत बसवल्यावर जे व्हायचं ते झालं. मंडळी भडकली. पंगतीला बोलावणं बंद झालं, प्रायश्चित्त घ्या असा निरोप आला. मामंजींनी मुकाट्यानं पंचगव्य घेतलं, पात्र खाली ठेवलं, ओठ पुसले आणि म्हणाले, "आता पोट शुद्ध झालं. शब्द मात्र तिथंच आहे." मदरशातल्या मौलवीसाहेबांनाही हे काही आवडलं नव्हतं, पण ते सभ्य होते, दोन टोमण्यांवर थांबले. दोन्हीकडून शिव्या खाऊन मामंजी खूश होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून मानते. गावातले भले भले तहसीलदाराच्या चपराशाला पाहून घाम पुसत, आणि हा किडकिडीत माणूस एका शब्दासाठी सगळ्या गावाला अंगावर घेत होता.

आता माझं सांगते. मी माजलगावाकडची, सिंदफणेच्या काठच्या एका खेड्यातल्या कुलकर्ण्यांची मुलगी. नाव साळू. मामंजींचा एकुलता एक मुलगा तिजवर होता. पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी प्लेगात. तिसरं लग्न अशुभ मानतात, म्हणून आधी त्यांचं लग्न रुईच्या झाडाशी लावलं. हळद, अक्षता, सगळं झालं. तिसरी बायको रुई, मी चौथी. रुईचं एक बरं होतं, तिचं नाव कुणी बदललं नाही.

माझं बदललं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, यांच्या हातात सोन्याची अंगठी दिली, आणि मामंजी पाठीशी उभे राहिले. यांनी तांदळात रेघा ओढल्या. दोनच अक्षरं. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी "अगंबाई, पुन्हा तेच?" असं म्हणालं आणि तिला कुणीतरी चिमटा काढला. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. मला काही कळलं नाही. नाव छान वाटलं. पार्वतीचं आहे एवढं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर दोन चांदीचे टाक ओवले. सवतींचे टाक. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून ते मागून आलेलीनं गळ्यात वागवायचे असतात. मी विचारलं, "यांची नावं काय?" आत्याबाई म्हणाल्या, "उमा." मी म्हटलं, "माझं नाही, यांचं." त्या म्हणाल्या, "यांचंबी तेच. पहिलीबी उमा, दुसरीबी उमा. तू तिसरी." आणि चुलीकडे वळल्या.

मामंजींना या घरात उमा हवी होती. मुलगी झाली नव्हती, बायको लवकर गेली होती, तेव्हा सुनेला ते नाव. एक गेली तर दुसरीला, दुसरी गेली तर तिसरीला. माणूस बदललं तरी त्यांच्या लेखी काही बदलत नव्हतं. त्यात कपट नव्हतं. कपट असतं तर मला इतका राग आला नसता. नाव देताना त्यांच्या चेहऱ्यावर जी माया होती ती मी पाहिली होती. घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू आपण हिला देतोय, असाच तो चेहरा होता.

आणि वागवलंही तसंच. मी लिहितेय, वाचतेय, ते त्यांच्यामुळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उतरून अक्षर दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मला ओसरीवर पाटावर बसवलं आणि अलिफ-बे शिकवायला घेतलं. त्या काळी आमच्या आळीत बाईनं देवनागरी वाचली तरी नवरा मरतो म्हणत. उर्दू वाचली तर काय होतं ते कुणी ठरवलंच नव्हतं. आत्याबाई आतून म्हणाल्या, "दादा, लई झालं. सुनेला काय मुन्शी करायलास?" मामंजी म्हणाले, "तिचं नाव अरबस्तानापासून मद्रासेपर्यंत चालतं, आणि ती उंबऱ्यापर्यंत चालणार होय?" वर्षभरात मी त्यांना हैदराबादेहून येणारी मासिकं वाचून दाखवू लागले. चुकले तर ते रागवत नसत. "पुन्हा," एवढंच म्हणायचे. शब्द बरोबर लागला की मांडीवर थाप मारायचे.

त्यांचं एक आवडतं बोलणं होतं. कुठलाही शब्द घेतला की ते म्हणायचे, "सासर दिसतं गं. माहेर शोधावं लागतं." हमाल आपल्याकडे पोती उचलतो, पण त्याचं माहेर अरबस्तान. वतन आपल्याकडे पाटलाच्या घरी नांदतं, पण तेही तिकडचं. शब्द सासरी आला की सासरचं लुगडं नेसतो, सासरच्या चालीनं चालतो, म्हणून त्याचं माहेर विसरायचं का? "विसरलं तर शब्द पोरका होतो," म्हणायचे. हे ते मला सांगायचे. समोर कोण बसलंय हे न बघता सांगायचे. मी मासिकाचं पान बोटानं दाबून धरून ऐकत असे, आणि त्या वेळी माझं माहेर कच्च्या रस्त्यानं बैलगाडीत दोन मुक्कामांवर होतं, आणि तीन-तीन वर्षं मला तिकडे धाडत नसत.

एकदा सालेम चाऊस ओसरीवर आला होता. माझा नारायण तेव्हा रांगत होता. मामंजींनी त्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं की आमच्या सुनेचं नाव उमा, म्हणजे तुमचं उम्म. चाऊसनं दाढीवरून हात फिरवला. "मुन्शीजी, हमारे उदर औरत का नाम बाजार में नै लेते. बेटे का नाम लेते. उम्म-सालेम बोलते, सालेम की माँ. मेरे कू मेरी माँ का नाम उने मरी तब मालूम पडा." मामंजी आनंदानं ओरडलेच, "बघ! म्हणजे आई हेच बाईचं नाव!" चाऊस कुठेतरी लांब बघत होता. मी दाराआड उभी होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. मामंजींना दिसत नव्हता, आणि ते काही डोळ्यांत पाणी उतरल्यामुळं नव्हे.

नारायण दूध मागताना ओठ मिटून 'म्म म्म' करायचा. मी एकदा मामंजींना म्हटलं, "मामंजी, भुकेलं बाळ ओठ मिटतं नि उघडतं. त्यातून दुसरं काय निघणार? म्हणून सगळीकडं तोच शब्द असेल. कुणी कुणाकडून घेतला नसेल." ते एकदम ताठ बसले. मला पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी हैदराबादच्या मासिकासाठी चालवलेल्या निबंधात तो मुद्दा घातला, मीच तो लिहून घेतला: 'एका अनुभवी व्यक्तीचे असे मत आहे की…' मी विचारलं, "अनुभवी व्यक्ती कोण?" ते हसले. "तूच की. पण सुनेचं नाव छापायचं कसं?" छापलं असतं तरी काय, उमाच छापलं असतं.

त्या दोघींची खरी नावं मला आत्याबाईंनी सांगितली. मी विचारून विचारून पिच्छा पुरवला तेव्हा, शेंगा फोडता फोडता. पहिली चिमा, परळीकडची. गोरी, भित्री, पालीला भ्यायची. दुसरी कोंडी; तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं कोंड्याचं हलकं नाव आईनं ठेवलं होतं. लई हसायची, म्हणे. प्लेगाची गाठ आली तेव्हाही हसली होती, पडून लागलं असेल म्हणाली. मी गळ्यातले टाक हातात धरून बघितले. तोवर ते मला नुसते टोचायचे. त्या दिवसापासून डावा चिमाचा आणि उजवा कोंडीचा, असं मी मनाशी धरलं.

आत्याबाईंनी आणखीही एक सांगितलं. त्यांची आई मामंजींच्या वेळच्या बाळंतपणातच गेली. आत्याबाई थोरल्या, धाकट्या भावाला लाडानं दादा म्हणायच्या; त्यांना आई आठवत होती. मामंजींनी जन्मात कुणाला आई म्हणून हाक मारली नव्हती. "म्हणून हिंडायलाय येड्यावानी, सगळ्या गावाला इचारीत," आत्याबाई म्हणाल्या आणि शेंगांची टरफलं पदरानं झटकली. हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. दया आली हे खरं. राग काही उतरला नाही. ज्याला आईची हाक माहीत नाही, त्यानं तीन आयांनी आपल्या मुलींना मारलेल्या हाका पुसून टाकल्या, हे मला गिळता येईना.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरांत माणसं आडवी झाली. छावणीतून रोज तिरड्या निघायच्या. माहेरून निरोप आला की आई गेली. मला साळू म्हणून हाक मारणारी ती एकटीच उरली होती. वडील आधीच गेले होते, भाऊ धाकटे, ते ताई म्हणायचे. निरोप आला त्याच दिवशी मला ताप भरला. चौथ्या-पाचव्या दिवशी वैद्यांनी यांना बाजूला घेतलं. मला वाटतं सगळे समजून चुकले होते. मी डोळे मिटून पडले होते, पण कान शाबूत होते. दुपारची वेळ. पडवीत हे रडत होते. मामंजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत असावेत, आवाज तसा होता. म्हणाले, "धीर धर. नारायण लहान आहे, त्याला सांभाळायला कुणीतरी लागेलच. साथ ओसरली की बघू. नाव घरातच राहील."

नाव घरातच राहील. माझ्या अंगात तापानं नाही एवढी आग त्या तीन शब्दांनी पेटली. मी मेले तर माझ्या नावाचा टाक चौथ्या उमेच्या गळ्यात जाणार, तिला विचारलं तर ती सांगणार, उमा. आणि साळू नावाची कुणी मुलगी या घरात आली, नांदली, उर्दू शिकली, पोर झालं, मेली, हे कुणाला ठाऊक असणार नाही. वैद्यांच्या मात्रेनं मी वाचले असं घरचे म्हणतात. मी रागानं वाचले. माझी खात्री आहे.

पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात आणि संकल्पात भटजी त्यांची नावं घेतात. दर वर्षी आमच्या घरी तो एक खेळ व्हायचा. भटजी विचारायचे, "पहिल्या पत्नीचं नाव?" हे सांगायचे, उमा. "द्वितीय?" उमा. भटजी हातातला दर्भ जरा थांबवायचे, चोरट्या नजरेनं स्वयंपाकघराकडे बघायचे, जिथे तिसरी उमा जिवंत उभी राहून वडे तळत असे, आणि मग मंत्र पुढे जायचा. माझ्या नावानं दोनदा पाणी सोडलेलं मी दर वर्षी ऐकत होते.

त्या वर्षी भटजींनी विचारलं, "पहिल्या पत्नीचं नाव?" आणि मी आतूनच म्हणाले, मोठ्यानं, "चिमा. दुसरीचं कोंडी."

झाऱ्यावरून तेल गळत होतं, तेवढाच आवाज. यांनी मान खाली घातली. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला. रडत होत्या की हसत होत्या मला आजवर कळलेलं नाही. भटजींनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी भिंतीला टेकून बसले होते, तोवर त्यांना माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. त्यांचा आवाज चढला नाही. "भटजी," ते म्हणाले, "उमा म्हणा."

भटजींनी म्हटलं. एकदा आणि पुन्हा एकदा.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. असं कधी केलं नव्हतं. "मामंजी," मी म्हटलं, "सरकारनं गावाचं नाव बदललं ते तुम्हाला चालत नाही. कचेरीतून आलात की चूळ भरून आंबं म्हणायचात. मग आम्हा तिघींचं कावून चाललं?" त्यांनी मान डोलवली. मला वाटलं, पटलंय. मग ते म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात, "गावाला सासर नसतं गं." त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. एवढा मोठा विद्वान माणूस, आणि हे त्यांना उत्तर वाटलं.

त्या दिवसापासून मी त्या नावाला ओ देणं बंद केलं. बाकी काही बंद केलं नाही. त्यांना जेवायला वाढायची, हात धरून परसात न्यायची, मासिक वाचून दाखवायची. पण 'उमा' अशी हाक आली की मी हलायची नाही. हे चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. आत्याबाई तेवढ्या माझ्यासाठी धावपळ करायच्या, मामंजींनी हाक मारली की त्याच "आले, आले" करत जायच्या. मामंजी मला त्यावरून एक शब्दही बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी हाक मारणंच सोडलं. घसा खाकरायचे, किंवा काठी आपटायचे. मग मी जायची. काठीला ओ द्यायला माझी हरकत नव्हती.

वाचन मात्र सुटलं नाही. रोज दुपारी ओसरीवर मी पाटावर बसायची आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. आमच्यात त्या एका हाकेपुरतं भांडण होतं, बाकी सगळं पूर्वीसारखं गोड होतं, असं बाहेरच्याला वाटलं असतं. मलाही कधी कधी वाटायचं. त्यांचा निबंध छापून आला, तो मीच त्यांना तीनदा वाचून दाखवला. हैदराबादेहून कुणा विद्वानाचं कौतुकाचं बोलणंही त्यांच्या कानावर आलं. ऐकून ते रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरं वाटलं, त्यांच्यासाठीच.

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. दृष्टी पुरती गेली होती, श्वास लागायचा. सालेम चाऊस येऊन बसायचा, दोघं फारसं बोलायचे नाहीत. एका दुपारी मी वारा घालत होते, दुसरं कुणी नव्हतं. मामंजी अचानक म्हणाले, "तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

माझा हात थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि त्यांनी विचारलं होतं. सगळ्या गावाला आईचं नाव विचारत हिंडलेल्या माणसानं अखेर मला विचारलं होतं. मी पंखा खाली ठेवला. मग मी म्हटलं, "साळू."

"साळू," ते म्हणाले. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "साळू. साळू." त्यांच्या कोरड्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. मला तो उजेड ठाऊक होता. उशीवर कोपर टेकून ते जरा उठलेच. "साळुंकीवरून. साळुंकी म्हणजे सारिका. संस्कृतात सारिका, आणि फारसीत सार म्हणतात त्याच पाखराला. बघ, दोन्हीकडं तेच पाखरू, तेच नाव! आणि ते बोलतं, माणसासारखं बोलतं, म्हणून राजेलोक पाळायचे. तुझ्या आईला फारसी येत नव्हती, पण तिनं काय शब्द निवडला! जुना. लई जुना. मी इतकी वर्षं याकडं बघितलंच नाही." श्वास लागत होता तरी थांबेनात. साळुंकीचं माहेर त्यांनी कुठून कुठे नेलं, इराणातून नेलं, काश्मिरातून नेलं, कुठल्या कुठल्या राजवाड्यांतल्या पिंजऱ्यांतून फिरवलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मी ऐकत होते. एकच गोष्ट मनात होती. आता ते मला त्या नावानं हाक मारतील. एकदाच. मग मी भांडण सोडणार होते, सगळंच सोडणार होते.

शेवटी ते दमले. डोकं उशीवर टेकलं. तोंडभर हसले, तृप्त होऊन, निबंध छापून आला होता त्या दिवसासारखे. "फार सुंदर शब्द आहे," ते म्हणाले. "जा उमा, पाणी आण."

त्यांना कळलंही नव्हतं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे मी पाहत राहिले. हा माणूस मला लिहायला-वाचायला शिकवणारा, आणि याच्याकडून ते एवढंसं होणार नाही, कधीच होणार नाही, हे मला तेव्हा कळलं. कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून "ओ" गेली. मी उठले, माठातलं पाणी आणलं, डोकं उचलून धरून पाजलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गेले तेव्हा मी खरंखुरं रडले, बायकांना हात धरून मला बाजूला न्यावं लागलं. मला साळू म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. साळू म्हणजे काय, ते मात्र आता मला पुरतं ठाऊक होतं.